कासवासाठी मूठभर मीठ

कासव वाचलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी स्वतःचीच छाती अजून धडधडते, आणि मधेच थांबले तर तुम्ही भलतंच समजून बसाल. कासव वाचलं, विहीर वाचली, माझी बालवाडीही वाचली. आता निवांत ऐका.

मी कारंज्याची. मॅट्रिक झाले, बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि विसाव्या वर्षी मानोऱ्याकडच्या एका खेड्यात, आमच्याच बौद्ध वस्तीत, बाई म्हणून रुजू झाले. मोठा दुष्काळ उलटून दोन उन्हाळे झाले होते. वस्ती चाळीसेक घरांची, बहुतेक मजुरीवर जाणारी, काहींची थोडी शेती. बालवाडी म्हणजे समाजमंदिराची एक खोली. एक फळा, पाण्याचे दोन माठ, पोरांचे हातपाय धुवायला मोठा पत्र्याचा टब, आणि सतरा पोट्टे. वयं तीन ते पाच. नाक वाहतंय, चड्डी सुटलीय, पण प्रश्न विचारतील ते वकिलाचे.

तालुक्याला आम्हा बायांना भिंतीवर लावायचे तक्ते वाटले होते. माझी बस चुकली, मी उशिरा पोचले. तोवर फळांचा, भाज्यांचा, गाईगुरांचा, असे सगळे तक्ते शहाण्या बायांनी उचलले होते. उरला होता एकच, समुद्राचा. निळंशार पाणी, त्यात देवमासा, आठ पायांचा कोणी एक प्राणी, शिंपले, आणि मधोमध वल्ह्यासारख्या पायांचं मोठं कासव. खाली लिहिलं होतं, समुद्रातल्या जिवांना जपा. मी वाटणाऱ्या बाईंना म्हटलं, अहो, आमच्या पोरांनी नाला धड पाहिला नाही, ती समुद्रातलं काय जपणार? त्या म्हणाल्या, कोऱ्या भिंतीपेक्षा बरं. रागारागाने गुंडाळी काखेत मारली आणि निघाले. समुद्र मी तरी कुठे पाहिला होता? मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कारंज्याचा तलाव.

पोरांना मात्र तक्ता भारी आवडला. रोज एकेकाला माशाला बोट लावायचं असे. मीही रेटून शिकवायला लागले. समुद्राचं पाणी खारं असतं, त्यात घाण टाकायची नाही, माशांची पिल्लं धरायची नाहीत, कासवाची अंडी उचलायची नाहीत. सगळं पुस्तकातलं. वस्तीत कोणाच्याही हाती समुद्रातलं कासव लागण्याचा धोका नव्हता, त्यामुळे शिकवणं अगदी सोपं होतं.

आता विहिरीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन ठेपलं. वस्तीची विहीर स्वतःची होती. आधी आमच्या बाया गावातल्या वरच्या आळीतल्या विहिरीवर घागरी घेऊन उभ्या राहायच्या. दोराला हात लावायचा नाही, वरून कोणी ओतलं तर पाणी. मग वस्तीतल्या माणसांनी दिवसा मजुरी आणि सांजेला खोदकाम असं करून आपली विहीर काढली. त्यात सगळ्यात पुढे होता तो आबा. मी गेले तेव्हा सत्तरीला आलेला, अंगाने काटकुळा, बोलायला काटेरी. सारी वस्ती त्याला आबा म्हणायची, मीही म्हणायला लागले.

विहिरीला पाणी लागलं तेव्हा आनंद झाला आणि भीतीही बसली. आपल्यावर जळणारं कोणी माणूस आत काही टाकून गेलं तर? त्यातच कपाशीवर मारायचं विषारी औषध गावात येऊ लागलं होतं, एक डबा पुरेसा होता. म्हणून आबाने नदीच्या डोहातून एक कासव आणलं आणि विहिरीत सोडलं. रोज उजाडताच तो काठावर जाऊन वाकून बघायचा. कासवाने डोकं वर काढलं की म्हणायचा, भरा. मगच पहिली घागर बुडायची. देव-देवस्की सोडलेली वस्ती ती, कासवाला कोणी हळदकुंकू लावत नव्हतं. पण त्याला पाहिल्याशिवाय पाणी प्यायची कोणाची छाती नव्हती. खरं सांगू, मला तेव्हा हे अडाणीपण वाटायचं. मॅट्रिकचं वारं डोक्यात होतं ना!

वैशाखात विहिरीचा गाळ काढायचं ठरलं. तीन दिवसांचं काम. त्या तीन दिवसांत कासव ठेवायचं कुठे? मोठा टब आणि सावली एका बालवाडीतच होती. आबा स्वतः बादलीतून कासव घेऊन आला. काळपट पाठीचं, परातीएवढं. टबात सोडलं आणि मला म्हणाला, "तीन दिवस जिवापाड सांभाळ याले, पोरी. हे हाय त पानी हाय." त्याची चार वर्षांची नात बालवाडीतच होती. तिने लगेच टबाशेजारी बसकण मारली आणि इतरांना हात लावू देईना.

त्या तीन दिवसांसाठी पाणी आणायचं ते वरच्या विहिरीवरून. कारंज्यात आमच्या गल्लीत नळ होता, मला या गोष्टीची सवय नव्हती. कायद्याने कोणी अडवत नव्हतं, हो. पण आम्ही गेलो की दोर नेमका कोणाच्या तरी हातात असायचा आणि त्या बाईचं भरणं काही संपायचं नाही. अर्धा तास, पाऊण तास उन्हात उभं राहायचं. माझा पारा चढला. मी सरकारी शिकलेली बाई, मी कायले उभी राहू? तोंड उघडणार तोच शेजारच्या बाईने दंडाला चिमटा काढला आणि कानात म्हणाली, तीनच दिवस काढायचे आहेत, गप बस. सगळी वस्ती ते तीन दिवस बोटांवर मोजत होती, मीही मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर तक्ता टबाच्या वर टांगला. एवढं जिवंत कासव समोर असताना धडा सोडते का! म्हटलं, पाहा, हे आपलं कासव, आणि हा त्याचा समुद्रातला मोठा भाऊ. कासवाच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं होतं. ते आबाच्या नातीने पाहिलं आणि विचारलं, "बाई, हे काऊन रडून राह्यलं?" मी म्हटलं, त्याला त्याच्या पाण्याची आठवण येते. आपल्या विहिरीचं पाणी, असं माझ्या मनात होतं. बोलले मात्र तक्त्याकडे हात करून. तिथेच माझं चुकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आणखी एक सवय मीच लावलेली होती. दर सोमवारी प्रत्येक पोराने घरून एक मूठ आणायची, ज्वारी असो, डाळ असो, तांदूळ असो. सतरा मुठी एका भांड्यात पडल्या की खिचडी व्हायची आणि सगळे पोटभर खायचे. एकाच्या मुठीने काही होत नाही, सगळ्यांच्या मुठीने होतं, असं मी दर सोमवारी न चुकता सांगायचे. मला या सवयीचा भारी अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी मी माठ भरायला वरच्या विहिरीवर गेले आणि नेहमीसारखी ताटकळले. दोन खेपा करून आले तोवर पोरं जमलेली. सगळी टबाभोवती गोल बसली होती आणि चिडीचूप. पोट्टे गप्प बसले की समजायचं, काहीतरी शिजलं आहे. मी जवळ गेले. टबाच्या तळाशी मिठाचे खडे पडले होते, काही विरघळलेले, काही तसेच. पाण्यात बोट घालून जिभेला लावलं. खारट! पुढे कितीतरी वर्षांनी दादरला समुद्राचं पाणी जिभेला लावलं तेव्हा मला हा टबच आठवला होता.

कोणी टाकलं, म्हणून मी ओरडले. सतराच्या सतरा हात वर. तेही आनंदाने! आबाची नात उभी राहिली आणि सांगायला लागली की तिनेच आदल्या दिवशी सगळ्यांना मूठ सांगितली होती, ज्वारीची नाही, मिठाची. सगळ्यांनी आणली. एक पोरगं तर दोन्ही मुठी भरून आलं होतं. कासवाला समुद्र हवा होता ना, बाई? मग आम्ही केला. आता ते रडणार नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. मारू की जवळ घेऊ, मला कळेना. शिकवलेलं एवढं नेमकं कोणी शिकतं का हो?

आणि कासव? मान आत, पाय आत, हलेना. मी टब उपडा केला. दोन्ही माठ, जे मी दीड तास उभी राहून भरून आणले होते, ते त्याच्यावर ओतले. बोटाने पाठ वाजवली. काही नाही. पोरांना घरी पाठवलं, त्यांना प्यायलाही पाणी उरलं नव्हतं. मी टबाशेजारी बसले. चार वाजता आबा कासव न्यायला येणार होता. कासव मेलं असेल तर विहीर बंद. नद्या आटलेल्या, दुसरं कासव पावसाळ्याआधी मिळणार नाही. तोवर सगळ्या बाया वरच्या विहिरीवर उभ्या राहणार, आणि माझ्यामुळे.

माझ्या मनात पाप आलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, सांगायचंच नाही. कासवं अशीही मान आत घेऊन बसतात. आबा येईल, उचलून नेईल, विहिरीत सोडेल. पुढे काय होईल ते विहिरीत होईल, माझ्या टबात नाही. मग लक्षात आलं, ते विहिरीत मेलं तर लोक काय म्हणतील? पाण्यात विष पडलं म्हणतील. आणि विष कोणी टाकलं, याचं उत्तर शोधायला काठ्या घेऊन वरच्या आळीत जातील. मूठभर मिठापायी डोकी फुटली असती. मी चपला न घालताच विहिरीकडे निघाले.

आबा काठावर उभा राहून गाळाची शेवटची टोपली ओढून घेत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तक्ता, रडणारं कासव, मुठी, मीठ, आणि चूक पोरांची नाही, माझी, हेही. त्याने दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि माझ्या पुढे चालायला लागला. बालवाडीत येऊन टबाशी उकिडवा बसला, कासवाच्या पाठीवर हात ठेवून. मागोमाग त्याची नात आली. तिला रागे भरतील म्हणून मी पुढे झाले, पण ती माझ्या हाताखालून निसटून त्याच्या मांडीशी गेली. "आबा, त्याले समुद्राचं पानी पायजे होतं," ती म्हणाली. "आमी करून देलं."

आबाने मान वर करून तक्त्याकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "समुद्र पाह्यला म्या. डिसेंबरात आपल्या लोकाईसंगं गेलो होतो, दादरले. लय पानी, पोरी. तिथं कोनी अडवत नाही तुले. पन घोट घेतला त थुकाच लागते."

एवढं बोलून तो उठला. कासव बादलीत ठेवलं आणि सांगितलं की तो तक्ता उतरव आणि गुंडाळून ठेव. रागावून नाही बोलला, म्हणून जास्त लागलं. मी तक्ता उतरवला आणि आढ्याला खोचून दिला.

विहिरीवर जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. पोट्ट्यांनी कासवाला मीठ चारलं आहे, उद्या ते वर आलं नाही तर दोष पाण्याचा नाही आणि कोणा माणसाचाही नाही, असं स्वच्छ सांगितलं. माझं नावही काढलं नाही. बादली खाली गेली. कासव दगडासारखं बुडालं आणि नव्या झऱ्याचं गढूळ पाणी पुन्हा सपाट झालं. दिवस मावळेपर्यंत आम्ही बघत होतो. वर काही आलं नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन घरी गेल्या. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उजाडताच मी काठावर होते. आबा माझ्या आधीच येऊन बसलेला. पाणी रात्रीत निवळलं होतं आणि दोन हात चढलं होतं. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. वरच्या विहिरीकडे निघालेली एक बाई, तीच चिमटा काढणारी, रिकामी घागर घेऊन आमच्यापाशी थांबली. आणि मग एका कडेला बुडबुडे आले. आले, थांबले, पुन्हा आले. आणि ते टोकदार काळं डोकं वर आलं, नाकपुड्या फुगवल्या, इकडे तिकडे पाहिलं, जणू विचारत होतं की काय लावलं आहे तुम्ही सकाळी सकाळी!

मी काठावरच मटकन बसले आणि रडायला लागले. हसत होते आणि रडत होते. इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू बाप्पा! त्या बाईने माझ्या पाठीवर एक थाप मारली, वळली आणि वस्तीकडे तोंड करून हाक दिली, या वं, भरा! आबाने पहिली बादली काढली. पहिला घोट दर वेळी तो स्वतः घ्यायचा, काही झालं तर आपल्याला होवो म्हणून. त्याने घेतला. मग बादली माझ्यापुढे धरली. मी ओंजळीने प्याले. मातीचा वास होता थोडा, पण गोड होतं. त्या दिवशी वरच्या विहिरीवर आमच्यातली एकही बाई उभी राहिली नाही.

पुढच्या सोमवारी मी दारातच प्रत्येकाची मूठ उघडून पाहिली. आबाच्या नातीच्या मुठीत मीठ! माझ्या कपाळाला आठी पडली. ती घाईघाईने म्हणाली, हे खिचडीत टाकायला आहे, कासवाला नाही. खिचडीला मीठ लागणारच होतं. मी घेतलं.

त्यानंतर समुद्र शिकवणं मी सोडून दिलं. पोरांना घेऊन रोज विहिरीच्या कठड्याशी जायचे, एकमेकांचे हात घट्ट धरून, आणि लांबून डोकं दाखवायचे. याचं पाणी हेच, दुसरं कोणतं नाही. यात काहीही टाकायचं नाही, मीठ नाही, दगड नाही, भाकरीचा तुकडाही नाही. कोणी टाकताना दिसलं तर सगळ्यांनी मिळून सांगायचं. एवढाच धडा. रोज तोच.

आता शेवटचं. भादव्यात कपाशीवर फवारणी सुरू झाली. आम्ही पोरांसह विहिरीकडे निघालो होतो, तर कठड्यावर एक माणूस फवाऱ्याचा पंप ठेवून झाकण उघडत होता. औषध मारून आला होता आणि पंप विसळायला बादली ओढली होती. विसळलेलं पाणी ओट्यावरून फुटक्या कडेने सरळ आत गेलं असतं. तो वरच्या आळीतला नव्हता. आबाचा मुलगा होता, त्या पोरीचा बाप. इतकी वर्षं सारी वस्ती वरच्या आळीवर डोळा ठेवून होती, आणि डबा आला तो घरातून. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, थकलेला होता, एवढंच.

मी ओरडायच्या आतच पोरं माझे हात सोडून धावली. सतरा पोट्टे त्याच्याभोवती उभे राहिले आणि त्याला बादलीला हात लावू देईनात. तो आधी हसला, मग वैतागून म्हणाला, सरका. कोणी सरकलं नाही. त्याची लेक पुढे झाली आणि म्हणाली, "बाबा, आत कासव हाय."

त्याने हातातल्या पंपाकडे पाहिलं, मग फुटक्या कडेकडे. त्याचा चेहरा एकदम उतरला. बादली जागेवर ठेवली, पंप उचलला आणि पुन्हा शेताच्या वाटेला लागला. पोरांना काय झालं ते कळलंही नव्हतं, ती कासव शोधत होती. कासव होतं.

संध्याकाळी, लेकाकडून सगळं ऐकून, आबा बालवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. आत काही आला नाही. आढ्याकडे बघत म्हणाला, "पोरी, तो तुहा समुद्र लाव पुन्हा भिंतीले."